उसनं नाक

एंडेलचा वास गेला तीन वर्षांपूर्वीच्या तापात.
बाकी सगळं परत आलं: भूक, चाल,
नगरपालिकेला पत्रं लिहायची खुमखुमी.
वास तेवढा आला नाही.

एप्रिलात बर्फ उरतो तो फक्त शेडमागे,
धुवायला टाकलेल्या चादरीसारखा मळका.
तेव्हा तो कुंपणाशी येतो, टोपी हातात,
वाटीभर साखर मागायला यावं तसा.
"वेल्वे, काय म्हणतेय बाग?"
मी हुंगते. "माती."
"कशी?"
"मातकट."
"माती मातकट! शाबास. आणि पाणी पाणचट?"

चाळीस वर्षं त्यानं नदीपलीकडच्या कारखान्यात
खिडक्यांच्या चौकटी केल्या.
म्हणून मी त्याच्या हत्यारांच्या पेटीत हात घातला.
"ओल्या ओंडक्याची साल काढल्यावर
आतला बुळबुळीत थर बोटाला लागतो ना, तसं."
त्यानं अंगठा बोटावर घासला.
"हं. म्हणजे बटाटे लावायला अजून आठवडा."

मग तो रोजच येऊ लागला.
मे महिन्यात तोमिंगस फुलतो, पांढरे घोसच्या घोस,
आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी उलटते.
कडवट, बदामी. मी म्हटलं,
"पटाशी बोटात शिरते, आणि क्षणभर दुखत नाही,
तो क्षण."
लायलॅक: रुंद फळी, एकही गाठ नाही.
शेपू: बारीक दात्यांची करवत.
टोमॅटोची पानं: हाताला चिकटलेला सरस,
आणि वरून बायको जेवायला हाक मारतेय.
(बायको जाऊन अकरा वर्षं झाली. तो हसला तरी.)

जूनमध्ये इथं रात्र नावापुरती.
साडेदहाला, लख्ख उजेडात मी पाणी घालत होते,
पडशानं नाक चोंदलेलं, आणि हा हजर.
त्याच्या पायरीपाशी पिओनी उमललेली, बशीएवढी.
कसं सांगू, आज मीही तुझ्यासारखीच?
दिलं ठोकून:
"पॉलिशचा तिसरा हात. वाळल्यावर
गाल टेकवावा असा गुळगुळीत."
तो बराच वेळ गप्प.
मग हसत सुटला, इतका, की कुंपण धरावं लागलं.
"या जातीला वासच नसतो, वेल्वे.
मी लावली तेव्हा माझं नाक शाबूत होतं."

दोन दिवस मी खिडकीतूनच बाग पाहिली.
तिसऱ्या दिवशी कुंपणावर दह्याचा रिकामा डबा,
आत स्ट्रॉबेऱ्या, देठांसकट,
आणि चिठ्ठी: यांना असतो.

ऑगस्टात सफरचंदं पडू लागतात, बहुधा रात्रीच.
धप्प. बऱ्याच वेळानं परत धप्प.
सकाळी गवतात झिंगलेल्या गांधीलमाश्या.
आंबूस, मी म्हणाले, आणि अडले.
आंबूस, मधाळ, खाली कुठंतरी तळघरासारखं कुबट,
आणि त्याच्याही खाली...
रंधा, कानस, गुण्या, काही म्हणता काही लागू पडेना.
"राहू दे," तो म्हणाला. "तू हुंग नुसती."
मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा तो सफरचंदांकडे नाही,
माझ्याकडे पाहत होता.

ऑक्टोबरात सगळ्यांची पानं जळतात.
पूर्ण गल्लीभर निळा धूर, खमंग, ओलसर.
"हा मला कळतो!" तो ओरडला
डोळ्यांतून घळाघळा पाणी, चेहऱ्यावर
पारितोषिक मिळालेल्या पोराचा माज.

आता जानेवारी.
बाग म्हणजे पांढरं, आणि त्यात काठ्या.
हवा हुंगली तर नाकात काचा.
काल तो आला, बूट न काढता दारातच उभा,
कोटातून काढली एक बरणी.
ब्लॅककरंटची पानं, जुलैत वाळवलेली.
"अजून आहे का बघ."

मी झाकण फिरवलं.

जुलै आला. म्हणजे दुपार, म्हणजे
पानं चुरगळल्यावर बोटांना उरणारं ते हिरवं, किंचित मांजराचं,
माझ्या आईच्या काकडीच्या लोणच्याचं...
शब्द शोधायला मी तोंड उघडलं.

"आहे," तोच म्हणाला.
"लाव झाकण. उडून जाईल."